पुळ्याचा डोंगर, मिवाचा डोंगर

गणपतीपुळ्याच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. अर्धी वाट संपलेली असते, डाव्या हाताला समुद्र मागे पडलेला असतो, उजव्या हाताला झाडीचा चढ असतो. मुंबई-पुण्याचे कोणीतरी त्या चढाकडे मान वर करून बघते आणि विचारते, "वर काय आहे?" किल्ला, दीपमाळ, एखादे जुने देऊळ, निदान फोटो काढण्याजोगी जागा तरी असेल, अशी अपेक्षा असते. मी सांगतो, वर काही नाही. ज्याच्याभोवती आपण चालतो आहोत तोच देव आहे. यावर काही जण हसतात, काही जण गप्प होतात. एका आजींनी मात्र लगेच उजव्या बाजूला वळून, रस्त्यातच, त्या चढाला नमस्कार केला होता.

मी गेली काही वर्षे पावसाळा सोडून महिन्यातून एखाद्या रविवारी आठ-दहा जणांना घेऊन आरे-वारेच्या किनाऱ्यापासून पुळ्यापर्यंत चालतो. दहा-बारा किलोमीटरची वाट. ओहोटीची वेळ साधली तर बराचसा भाग वाळूतून जाता येतो, नाहीतर रस्त्याने. पैसे घेत नाही. वाटेत कोणी चहा पाजला तर नाही म्हणत नाही. मी ना पुरातत्त्वाचा पदवीधर, ना संस्कृतचा. वाणिज्य शाखेची पदवी, बँकेत रोखपालाची नोकरी, आणि उरलेल्या वेळात हाताला लागेल ते वाचणे, एवढेच माझे भांडवल. त्यामुळे या लेखात जे आहे ते पायांनी आणि चष्म्याने जमवलेले आहे असे समजावे.

आधी पुळ्याबद्दल. पुळण म्हणजे वाळूची लांब पट्टी. पुळे हे नाव त्यावरून आले असे सांगितले जाते, आणि शेजारच्या भंडारपुळ्याच्या नावातही तेच पुळे आहे. देवळाची आख्यायिका कोकणात सर्वांना ठाऊक आहे, तरी तिच्यातला एक तपशील बहुतेकांच्या कानावरून निसटतो. मोगलाईच्या काळात बाळभटजी भिडे नावाचे गृहस्थ मोठ्या संकटात सापडले. डोंगराच्या पायथ्याशी तेव्हा केवड्याचे बन होते. संकट टळेपर्यंत अन्नपाणी घेणार नाही असा निश्चय करून ते त्या बनात जाऊन बसले. स्वप्नात गणपती आला. मी गुळ्याहून पुळ्यास आलो आहे असे त्याने सांगितले, आणि पुढे म्हणाला की हा डोंगर हेच माझे निराकार रूप आहे. दुसरीकडे गावातल्या एका गाईने दूध देणे थांबवले होते; गुराख्याने पाळत ठेवली तेव्हा ती एका शिळेवर पान्हा सोडताना दिसली. तिथे झाडी साफ केल्यावर स्वप्नात सांगितलेली खूण सापडली.

गाईची गोष्ट आपल्याकडे शेकडो देवस्थानांना आहे. स्वयंभू शिळा सापडली की गाय येतेच. पुळ्याच्या कथेचे वेगळेपण आहे ते स्वप्नातल्या दुसऱ्या वाक्यात. शिळा ही खूण, डोंगर हे रूप. म्हणून इथली प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवती होत नाही. देऊळ डोंगराच्या पायाला पश्चिमेकडे तोंड करून चिकटलेले आहे, आणि प्रदक्षिणा घालायची तर अख्खा डोंगर घेऊन यावे लागते. सुमारे एक किलोमीटरची पाखाडी आहे. म्हाताऱ्या माणसालाही अर्ध्या तासात जमते. या गणपतीला पश्चिमद्वारदेवता म्हणतात. पश्चिमेच्या दारावरचा राखणदार.

आता गुळ्याकडे जरा वळू. रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावसच्या पुढे गणेशगुळे आहे. तिथेही डोंगराच्या कुशीत देऊळ आणि देवाच्या जागी कातळ. गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला, असे आमच्याकडे म्हणतात. लहानपणी मला हे ऐकून गुळ्याच्या लोकांचे वाईट वाटे. देव गेलाच आहे तर ते अजून पूजा कसली करतात? पुढे कळले की तिथल्या माणसांना तो प्रश्न पडत नाही. देव गेला म्हणजे इथला संपला, असा हिशेब रोखपालाच्या डोक्यात येतो; भाविकाच्या नाही.

हे सगळे मला पाठ होते, पण त्याचा अर्थ कळायला जपानात जाऊन दुसऱ्या एका डोंगरासमोर उभे राहावे लागले. भाचा ओसाकाला नोकरीला होता आणि मामाला एकदा बोलवायचे असे त्याच्या मनात होते. त्याने मला नारा दाखवले, प्रचंड बुद्ध दाखवला, माणसांच्या हातातली बिस्किटे ओढणारी हरणे दाखवली. चौथ्या दिवशी मी म्हणालो, मला जिथे मूर्ती नाही तिथे ने.

नाराच्या दक्षिणेला साकुराई नावाचे गाव आहे. त्याच्या जवळ मिवा हे छोटे रेल्वे स्टेशन. तिथून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर ओमिवा जिन्जा. जिन्जा म्हणजे शिंतो पंथाचे देवस्थान. बौद्ध मंदिराला वेगळा शब्द आहे, आणि दोन्हींच्या रीतीही वेगळ्या. (आपला गणपती जपानात आहे, पण तो बौद्ध मंदिरात. त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात. त्याची मूर्ती सहसा कोणाला दाखवत नाहीत. तोक्योच्या आसाकुसा भागात त्याचे एक देऊळ आहे, तिथे त्याला मुळा वाहतात. दुर्वांच्या जागी मुळा! असो.) ओमिवा हे जपानातल्या सर्वांत जुन्या देवस्थानांपैकी एक मानले जाते, आणि त्याच्या जुनेपणाची खूण अशी की तिथे गाभारा नाही. इतर जिन्जांमध्ये पुढे हाइदेन, म्हणजे आपण उभे राहून नमस्कार करतो तो मंडप, आणि मागे होन्देन, म्हणजे जिथे देव राहतो ते घर. ओमिवाला हाइदेन आहे. त्याच्या मागे तीन कमानी एकत्र जोडलेले एक विशेष तोरी आहे, आणि त्याच्यामागे सरळ डोंगर सुरू होतो. ४६७ मीटर उंचीचा, गर्द झाडीचा, कोणीतरी हाताने रेखल्यासारखा निमुळता डोंगर. होन्देन नाही, कारण देवाला घराची गरज नाही. तो डोंगरच आहे. जपानी भाषेत त्याला शिंताई म्हणतात, देवाचे शरीर.

आमच्याबरोबर एक स्थानिक बाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका. पाहुण्यांना देवस्थान फिरवून दाखवण्याचे काम त्या हौसेने करत. डोक्यावर कापडी टोपी, हातात चित्रे चिकटवलेली एक वही. भाचा दुभाष्या. त्या बाईंनी मला जे फिरवले ते मी इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण देवस्थान चालत दाखवण्याची कला मी त्यांच्याकडून शिकलो.

लाकडी तोरीपाशी त्या थांबल्या आणि एकदा वाकल्या. मग वाटेच्या कडेने चालू लागल्या. वाटेला सान्दो म्हणतात. तिच्यावर खडी पसरलेली, दोन्ही बाजूंना उंच झाडे. वाटेचा मध्य देवासाठी सोडायचा असतो, असे त्यांनी सांगितले. खडीचा आवाज ऐका, म्हणाल्या. पाय टाकला की कर्रकर्र होते. माणूस आपोआप सावकाश चालतो. पुढे हात धुण्याची जागा, तेमिझुया. बहुतेक ठिकाणी तिथे बांबूच्या नळीतून किंवा ड्रॅगनच्या तोंडातून पाणी येते. इथे दारूच्या पिंपावर वेटोळे घातलेल्या सापाच्या तोंडातून येत होते. साप आणि दारू, दोन्हींचा या देवाशी संबंध आहे. आधी डावा हात, मग उजवा, मग तोंड, मग पळीचा दांडा धुवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला ती स्वच्छ मिळते. आपल्याकडे पाय धुतात. त्यांनी विचारले तेव्हा मी तसे सांगितले, आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

हाइदेन सध्याचा १६६४ सालचा. म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्या वर्षीचा, असे मी मनातल्या मनात जुळवले. आमच्या पिढीला सनावळी अशीच लक्षात राहते. समोर गवताच्या जाड दोराचे, शिमेनावाचे तोरण. दोनदा वाकायचे, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचे. मंडपाच्या उजव्या अंगाला एक जुने सुगी झाड आहे, सापाचे झाड. त्याच्या बुंध्यात पांढरा साप राहतो असे मानतात आणि त्याच्यासमोर कच्ची अंडी आणि साके ठेवतात. मला एकदम मार्लेश्वर आठवला. देवरुखच्या पुढे सह्याद्रीच्या कड्यातली गुहा, तिच्या कपारीतले साप, आणि ते कोणाला काही करत नाहीत हा भाविकांचा भरवसा.

सापाची कथा दोन जुन्या ग्रंथांत दोन प्रकारे आहे. ७१२ सालच्या 'कोजिकी'त एका मुलीकडे रोज रात्री एक देखणा पुरुष येतो. तो कोण, कुठला, काही कळत नाही. तिला दिवस जातात. आईवडील सांगतात, ताग्याच्या दोऱ्याची सुई त्याच्या कपड्याच्या काठाला टोचून ठेव. सकाळी दोरा दाराच्या कुलपाच्या भोकातून बाहेर गेलेला असतो आणि रिळावर फक्त तीन वेढे उरलेले असतात. दोऱ्यामागोमाग गेल्यावर तो डोंगरातल्या देवस्थानाशी पोचतो. मि म्हणजे तीन, वा म्हणजे वेढे, म्हणून मिवा. ७२० सालच्या 'निहोन शोकी'त राजकन्या त्याला दिवसाउजेडी दिसण्याचा हट्ट धरते. सकाळी माझ्या फण्यांच्या पेटीत बघ, पण दचकू नकोस, असे तो सांगतो. पेटीत एक सुंदर लहानसा साप असतो. ती किंचाळते. लाजेने देव डोंगरात निघून जातो, आणि तिचा शेवट फार वाईट होतो. या दोन्ही ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे एकोणिसाव्या शतकात झाली, चेंबरलेनने १८८२ साली आणि ॲस्टनने १८९६ साली. मी ती परत आल्यावर वाचली. त्यांत मला एक जागा सापडली आणि मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो. देश घडवण्याच्या कामात एकटा पडलेला एक देव समुद्रकाठी चिंतेत उभा असतो. तेव्हा समुद्र उजळवीत दुसरा एक देव येतो आणि म्हणतो, माझी यामातोच्या पूर्वेकडच्या डोंगरावर स्थापना कर, म्हणजे तुझे काम होईल. तोच हा मिवाचा देव. संकटातला माणूस, समुद्रकिनारा, दुसरीकडून आलेला देव, आणि मला या डोंगरात ओळख ही मागणी. बाळभटजींचे स्वप्न याहून फार निराळे आहे का?

मी इथे काही सिद्ध करायला निघालो नाही. भारतातून जपानला किंवा जपानातून कोकणात ही कथा गेली, असे म्हणण्याला काही आधार नाही. आमच्याकडे कोणी तसे म्हणू लागला की मी त्याला आधी पाणी देतो. डोंगर, समुद्र आणि भिणारी माणसे जगात पुष्कळ ठिकाणी आहेत, एवढे कारण मला पुरते.

साम्यापेक्षा फरकच जास्त बोलका निघाला. मिवाच्या डोंगरावर चढता येते. हाइदेनच्या डाव्या हाताने औषधी झाडे लावलेली एक वाट साई नावाच्या उपदेवस्थानाकडे जाते. तिथे नाव नोंदवायचे, तीनशे येन भरायचे, गळ्यात घंटा लावलेला पांढरा पट्टा घालायचा. फोटो काढायचा नाही. पाण्याखेरीज काही खायचे-प्यायचे नाही. ठरलेल्या वेळेत खाली यायचे आणि पट्टा परत द्यायचा. वर गेल्यावर वाटेत आणि शिखरावर खडकांचे तीन समूह लागतात. ते देवाचे आसन. वर काय दिसले ते खाली येऊन सांगायचे नाही असाही संकेत आहे, म्हणून मीही इथे थांबतो. पण शतकानुशतके हा डोंगर सामान्य माणसाला बंदच होता. चढण्याची परवानगी मिळाली ती एकोणिसाव्या शतकातल्या मेजी क्रांतीनंतरची. बाईंना मी विचारले, देवाच्या अंगावर पाय कसा द्यायचा? त्या म्हणाल्या, म्हणूनच पुष्कळ जण अनवाणी चढतात.

पुळ्याला उत्तर वेगळे आहे. देवाच्या अंगावर चढायचेच नाही. त्याला उजव्या हाताला ठेवून भोवती फिरायचे. आपल्याकडे ही रीत मोठी आहे. गोवर्धनाची परिक्रमा, तिरुवन्नामलैच्या अरुणाचलाचे गिरिवलम, त्र्यंबकेश्वरला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी होणारी ब्रह्मगिरीची फेरी. चढणारा माणूस शिखराला पोचतो आणि त्याचे काम संपते. फिरणारा माणूस कुठे पोचत नाही. निघाला तिथे परत येतो. पण फिरताना त्याला डोंगराच्या चारही बाजू दिसतात. देवाची पाठही दिसते. पुळ्याच्या देवाची पाठ म्हणजे झाडी, जांभ्याचे कातळ आणि पाणी वाहून गेलेले ओहोळ. एक किलोमीटर चालताना समुद्राचा आवाज एका बाजूला बारीक होत जातो, मध्येच अगदी थांबतो, आणि वळण घेतले की एकदम कानावर येतो. गर्दीच्या दिवशीही हे ऐकू येते, मागचा माणूस मोबाईलवर गाणे लावून चालत नसेल तर.

त्या जपानी बाईंच्या बोलण्यात एक गोष्ट होती, ती माझ्या लक्षात फार उशिरा आली. प्रत्येक कथा सांगून झाली की त्या एकच शब्दप्रयोग करत. भाच्याला दोन-तीनदा विचारल्यावर तो म्हणाला, "मामा, त्याचा अर्थ 'असे परंपरेने सांगत आले आहेत'." हाइदेनचे साल सांगताना त्या तो वापरत नसत. दोऱ्याच्या तीन वेढ्यांना वापरत. तीन वेढ्यांची गोष्ट त्यांना कमी प्रिय होती असे नाही; ती सांगताना त्यांचा चेहरा जास्त खुलत होता. फक्त कोणते वाक्य कोणत्या खिशातले, हे त्या ऐकणाऱ्याला न चुकता दाखवत.

आपल्या मराठीत यासाठी केवढा सुंदर शब्द आहे! म्हणे. गाईने शिळेवर पान्हा सोडला म्हणे. आमच्या आजीच्या गोष्टींतले निम्मे वाक्य 'म्हणे'वर संपे. मी मात्र पुळ्याला माणसे फिरवताना तो शब्द कधीच टाकून दिला होता. शिवाजी महाराजांचे सचिव अण्णाजी दत्तो यांनी गवताचे छप्पर काढून इथे घुमट बांधला, पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले यांनी सभामंडप बांधला, नंदादीपाची सोय नानासाहेब पेशव्यांनी केली, हे मी खडखडीत आवाजात, सनद हातात असल्यासारखे सांगत असे. लोकांना आवडे. नावे मोठी असली की डोंगरही मोठा वाटतो. एकदा महाविद्यालयातल्या एका मुलीने विचारले, "काका, हे कशावरून?" मी तिला रागाने नाही, पण जरा चढ्या स्वरात म्हणालो, सगळ्या पुस्तकांत आहे. रात्री घरी येऊन माझ्याकडची पुस्तके आणि देवस्थानांच्या माहितीपुस्तिका काढल्या. सगळ्यांत होते, आणि सगळ्यांत जवळजवळ त्याच शब्दांत होते. एकाने दुसऱ्यावरून घेतलेले. बँकेत एकाच पावतीच्या चार झेरॉक्स आणून कोणी चारदा पैसे मागितले असते तर मी दिले असते का? तेव्हापासून या नावांमागे मी 'असे सांगतात' जोडतो. गोष्ट कमी होत नाही. ज्या मुलीने विचारले तिला हे कळवायला हवे होते, पण तिचे नावही मी विचारले नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. मिवाच्या डोंगरावरचे झाड तोडत नाहीत. साके करणारे लोक सुगीच्या पानांचे गोळे आपल्या कारखान्याच्या दारावर टांगतात, त्या प्रथेचे मूळ मिवाशी जोडतात, आणि दर वर्षी १४ नोव्हेंबरला दारू चांगली व्हावी म्हणून इथे उत्सव असतो. देवाचे रान राखायचे ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. आमच्या भागात तिला देवरहाटी म्हणतात, घाटावर देवराई. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा शास्त्रज्ञांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. पण रान राखले जाते ते श्रद्धेमुळे, आणि तोडले जाते तेही पुष्कळदा श्रद्धेमुळेच, हे मी जपानच्या एका माणसाकडून शिकलो.

मिनाकाता कुमागुसु. जन्म १८६७, मृत्यू १९४१. तोक्योतले शिक्षण अर्धवट सोडलेला, अमेरिका करून १८९२ ते १९०० लंडनला राहिलेला, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात वह्याच्या वह्या उतरवून घेणारा, आणि तिथेच एका वाचकाला मारल्यामुळे बाहेर काढला गेलेला माणूस. 'नेचर'मध्ये त्याचे सुमारे पन्नास लेख आले. पदवी एकही नाही, पदही नाही. परत आल्यावर तो तानाबे या लहान गावात राहून बुरशीसारख्या दिसणाऱ्या श्लेष्मकवकांचा अभ्यास करत राहिला. १९०६ साली जपान सरकारने फर्मान काढले की लहान लहान गावदेवळे बंद करून मोठ्या देवळांत विलीन करावीत. कारणे ऐकायला चांगली होती: देवस्थाने नीटनेटकी होतील, खर्चाला पैसे मिळतील, देवाची प्रतिष्ठा वाढेल. त्या धोरणात सुमारे सत्तर हजार देवस्थाने बंद झाली, आणि त्यांच्या भोवतीची राने विकली गेली. कुमागुसुच्या वाकायामा प्रांताला आणि शेजारच्या मिए प्रांताला सर्वांत जास्त फटका बसला. त्याने वर्तमानपत्रांत लिहिले, पत्रांमागून पत्रे पाठवली. देवाचे रान गेले की पक्षी जातात, पक्षी गेले की पिकावर कीड वाढते. गावकऱ्यांची जमण्याची जागा जाते. गावाची आठवण जाते. १९१० साली तो एका सभेत घुसून गोंधळ घालू लागला, आणि त्याला अठरा दिवस कोठडीत ठेवले. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी त्याची पत्रे १९११ साली छापून मोठ्या लोकांना वाटली. धोरण मागे पडायला १९२० साल उजाडले. १९२९ साली खुद्द सम्राट तानाबेला आला. ज्या काशिमा बेटाचे रान कुमागुसुने वाचवले होते तिथे त्याची भेट झाली, आणि त्याने सम्राटाला आपले नमुने कॅरमलच्या रिकाम्या खोक्यांतून भेट दिले.

मी हे वाचले तेव्हा माझ्या आजोळच्या गावची रहाटी डोळ्यांसमोर आली. गावाचे नाव देत नाही. साधारण वीस-बावीस वर्षांपूर्वी तिथे जीर्णोद्धार समिती झाली. जुने देऊळ कौलारू, मातीच्या भिंतींचे, पावसात गळायचे. स्लॅबचे, संगमरवरी फरशीचे देऊळ व्हावे असे सर्वांच्या मनात होते. पैसे कमी पडले. रहाटीतली काही मोठी झाडे, त्यांत एक बेहडा होता ज्याच्या ढोलीत धनेशाचे घरटे असायचे, विकावीत असे ठरले. देवाचीच झाडे, देवाच्याच कामाला. देवाला कौल लावला होता. कौल उजवा आला. समितीचा खजिनदार मी होतो. बँकेतला माणूस म्हणून मलाच निवडले होते. व्यापाऱ्याच्या पैशांची पावती माझ्या सहीची आहे. जमाखर्च अगदी चोख ठेवला, ऑडिटला एक पैशाची चूक निघाली नाही.

देऊळ छान झाले आहे. गावची माणसे समाधानी आहेत, आणि त्यांच्या समाधानाला नावे ठेवायचा मला अधिकार नाही. फक्त रहाटीतून उन्हाळाभर वाहणारा झरा आता शिमग्यानंतर आटतो, आणि पालखी रहाटीत नेतात तेव्हा डोक्यावर ऊन असते. तिथे पुन्हा आठ-दहा रोपे लावली आहेत. बेहड्याचे एक जगले आहे, माझ्या खांद्याएवढे झाले आहे. धनेशाला राहण्याजोगी ढोली व्हायला किती वर्षे लागतील याचा हिशेब मी मांडत नाही.

म्हणून पुळ्याच्या वाटेवर कोणी "वर काय आहे?" असे विचारले की मला पूर्वीसारखे हसू येत नाही. वर काहीतरी हवे, असे वाटणाऱ्यांत मी स्वतः होतो. पाहुण्याच्या मनात जे येते तेच समित्यांच्या आणि ठेकेदारांच्याही मनात येते: मोकळा डोंगर आहे, तिथे काहीतरी केले पाहिजे. किनाऱ्याचा रस्ता आणि खाड्यांवरचे पूल होण्याआधी रत्नागिरीहून पुळ्याला यायला निवळीवरून मोठा वळसा पडे. आता आरे-वारेवरून गाड्यांची रांग लागते. माणसे यावीत, मीच तर घेऊन येतो. पण पुळ्याचा देव जर खरोखर डोंगर असेल, तर देवस्थान कुठपर्यंत आहे याचे उत्तर कमानीपाशी संपत नाही. ते प्रदक्षिणेच्या वाटेइतके लांब आहे, आणि वाटेच्या आतले सगळे गाभारा आहे.

फिरवण्याच्या पद्धतीत मी मिवाहून आल्यावर थोडे बदल केले. आरे-वारेच्या वळणावर, जिथे दोन्ही किनारे एका नजरेत येतात, तिथे सगळे सेल्फी काढून होईपर्यंत थांबतो आणि मग फोन पिशवीत टाकायला सांगतो. सक्ती नाही. सुरूच्या बनातून जाताना बोलायचे तेवढे बोलून घ्यायचे. नेवऱ्याला चहा. भंडारपुळ्याच्या चढावरून पुळ्याचा डोंगर पहिल्यांदा दिसतो. तिथे मी फक्त बोट दाखवतो. दर्शन आधी की प्रदक्षिणा आधी, यावर दर वेळी वाद होतो. मी प्रदक्षिणा आधी घालायला लावतो. देवाची पाठ बघून मग तोंड बघावे. बाळभटजींची, गाईची, गुळ्याहून येण्याची, अण्णाजी दत्तोंची गोष्ट सांगतो, प्रत्येकीत 'म्हणे' घालून. मिवाची सांगतो ती दोऱ्याच्या तीन वेढ्यांची. लहान मुले असली की सापाची. ज्यांच्या पायांत अजून बळ असते ते पुढे मालगुंडला केशवसुतांचे घर बघायला जातात, बाकीचे एस.टी.च्या थांब्याकडे.

मागच्या माघात एक सात-आठ वर्षांचा मुलगा आईबरोबर आला होता. प्रदक्षिणेच्या मध्यावर, जिथे समुद्र ऐकू येत नाही, तिथे तो थांबला, चढाकडे बघितले आणि मला विचारले, "आजोबा, आत्ता आपण देवाच्या कुठल्या बाजूला आहोत? पाठीला की पोटाला?" मला आजोबा म्हटल्याचे क्षणभर लागले. मग मी हिशेब केला. देऊळ पश्चिमेला, म्हणजे तोंड तिकडे. "पाठीला," मी म्हणालो. त्याने हात लांब करून वाटेकडेच्या जांभ्याला दोनदा थोपटले आणि पुढे पळाला.